नागीण गेली, आग राहिली

टेन्सचं मशीन, म्हणजे दुखणं कमी करायला कातडीवरून करंट देणारं यंत्र, घेऊ का, असं हल्ली मला ओळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतं. कुणाच्या पायांची डायबेटिसमुळे आग होते, कुणाला सायटिका, कुणाला माझ्यासारखंच नागिणीनंतरचं दुखणं. दर वेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही. महावितरणच्या टेस्टिंग विभागात नोकरी केली, मीटर, रिले आणि ट्रान्सफॉर्मर तपासण्यात हयात गेली. त्यामुळे करंटबद्दल थोडं अधिकाराने बोलेन. नसांबद्दल मात्र डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने जे समजावलं, तेवढंच.

नागीण झाली ती निवृत्तीनंतर. आधी उजव्या बरगडीखाली नुसतंच जळजळायला लागलं, घरात सगळ्यांना वाटलं मुतखडा असेल. मग कण्यापासून बेंबीच्या वरपर्यंत पाणीदार फोडांचा पट्टाच उठला. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. काव लावा, गावाकडे एक मंत्र घालणारे आहेत त्यांच्याकडे जा, आणि काहीही करा पण नागिणीची दोन तोंडं जुळू देऊ नका, जुळली की माणूस संपला. नौपाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे नवीन नव्हतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू कण्याजवळच्या नसांच्या गाठींमध्ये आयुष्यभर दडून असतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली, की एखाद्या नसेच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा मधल्या रेषेशी थांबतो. तोंडं जुळायचा प्रश्न येत नाही. फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांत खपल्या गळून पडल्या.

दुखणं तेवढं गेलं नाही. गोळ्या वेळेत घेतल्या तरी काहींच्या नशिबी हे येतंच, आणि साठीच्या पुढे जास्त येतं. फोड उठून तीन महिने झाल्यावरही दुखत राहिलं की डॉक्टर त्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. कातडी वरून बरी झालेली असते, पण आतली नस दुखावलेली असते आणि कारण नसताना मेंदूकडे वेदनेचे निरोप धाडत राहते. मला तीन तऱ्हांनी दुखायचं. एक म्हणजे सतत आग. दुसरी, मध्येच सणकन जाणारी कळ, हातातला चहाचा कप सुटावा अशी. तिसरी सगळ्यात चमत्कारिक: नुसत्या स्पर्शाने दुखायचं. बनियन घासला, पंख्याचा वारा लागला, नातीने लाडाने डोकं टेकलं, तरी मी कळवळायचो. जोरात दाबलं तर मात्र उलट बरं वाटायचं. याला ॲलोडिनिया म्हणतात हे नंतर कळलं. ते दिवस मी घरात उघडाच बसायचो आणि बाहेर जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीच्या वेळी कुणाचा कोपर कुठे लागेल याचा भरवसा आहे का?

औषधं झाली. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबॅलिन सुरू केलं, त्याने आग थोडी उतरली पण सकाळी उठलो की घर फिरायचं, जिना उतरताना तोल जायचा. जोडीला नॉरट्रिप्टिलीन दिलं. त्याने तोंड कोरडं पडायला लागलं आणि लघवी अडायला लागली. माझ्या वयाच्या बऱ्याच पुरुषांचा प्रोस्टेट वाढलेला असतो, त्यामुळे ते बंद. कातडी बधीर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या लावल्या, त्यांनी स्पर्शाचं दुखणं काहीसं बोथट झालं. शेवटी पेनच्या, म्हणजे जुनाट दुखण्यांवर उपचार करणाऱ्या, डॉक्टरांनी प्रीगॅबॅलिनचा डोस सोसेल तेवढाच ठेवला आणि म्हणाले, "आता टेन्स करून बघू. गॅरंटी देत नाही. पण तुम्हाला चाललं तर गोळ्या आणखी वाढवाव्या लागणार नाहीत."

टेन्स म्हणजे ट्रान्सक्युटेनिअस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून नसेला विजेचे छोटे झटके देणं. माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल ते सांगायला नको. आयुष्यभर लाइनमनना सांगत आलो, की बाबांनो, करंटशी खेळू नका, आणि आता मीच पैसे देऊन करंट घ्यायला निघालो.

फिजिओथेरपीचं क्लिनिक राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत आहे. तिथली फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीपेक्षाही लहान. मशीन काढायच्या आधी तिने प्रश्नांची सरबत्ती केली. पेसमेकर आहे का? फिट येते का? कॅन्सर झाला होता का? पट्ट्याच्या जागी कुठे जखम, ओली खपली? आणि, "काका, ट्रॅमाडॉल चालू आहे का?" हा शेवटचा प्रश्न मला कळला नाही, त्याचं उत्तर पुढे येईल. मग तिने कापसाचा बोळा आणि बोथट टोकाची पिन घेऊन पाठीपासून पोटापर्यंत इंच-इंच तपासलं. कुठे स्पर्श दुखतो, कुठे बधीर आहे, कुठे नेहमीसारखं आहे, ते पेनाने कातडीवर रेखाटलं. आरशात पाहिलं तर माझ्या अंगावर सातबाऱ्याचा नकाशा काढलेला.

या नकाशात सगळी मेख आहे. जिथे दुखतं तिथेच पॅड लावायचा, असं कुणालाही वाटेल. मलाही तेच वाटत होतं. पण स्पर्शानेच दुखणाऱ्या कातडीवर पॅड चिकटवला तर करंट सोडायच्या आधीच माणूस ओरडेल. आणि जिथे बधीर आहे तिथे नस निरोपच नेत नाही, मग करंट देऊन उपयोग काय, वर जास्त सोडला तर भाजल्याचंही कळणार नाही. तिने एक पॅड कण्याच्या उजवीकडे, ती नस जिथून निघते तिथे लावला, आणि दुसरा त्या पट्ट्याच्या हद्दीबाहेर, चांगल्या कातडीवर. म्हणजे दुखऱ्या भागाला हात न लावता त्याच नसेच्या वरच्या अंगाला आणि शेजाऱ्यांना उठवायचं.

"मुंग्या आल्या की सांगा," ती म्हणाली आणि बटण हळूहळू फिरवायला लागली. आल्या. तिने आणखी वाढवलं. मी म्हटलं, पुरे. ती म्हणाली, "पुरे नाही काका. जोरदार वाटलं पाहिजे, पण सोसवेल असं. नुसतं गुदगुल्या झाल्यासारखं असेल तर घरी बसलेलं बरं." खरोखर, टेन्समध्ये लोक फसतात ते इथे. घाबरून करंट कमी ठेवतात आणि मग म्हणतात काही फरक नाही. दहा-एक मिनिटांनी मुंग्या बोथट झाल्या तेव्हा तिने पुन्हा थोडं वाढवलं. नसेला सवय होते, तिला गाफील राहू द्यायचं नाही.

फरक पडला का? पडला. तिने आधी शून्य ते दहामध्ये आकडा विचारला होता, मी सात म्हटलं होतं. अर्ध्या तासाच्या शेवटी चार. आग पूर्ण गेली नव्हती, पण मागच्या खोलीत गेल्यासारखी झाली. मी खुशीत घरी आलो, आणि जेवण होईपर्यंत ती पुन्हा पुढच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी तक्रार केली तर फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "हे असंच असतं. मशीन चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ. कुणाला अर्धा तास मिळतो, कुणाला चार-पाच तास. तुम्हाला किती मिळतो आणि त्या वेळात तुम्ही काय करता, ते बघू." मला तिचा हा रोखठोकपणा आवडला. नस मोकळी होते, रक्त शुद्ध होतं असले फॉरवर्ड रोज येतात. तिच्या तोंडून त्यातलं एक अक्षर निघालं नाही.

आता हे होतं कसं? कोपर टेबलावर आपटला की आपण लगेच चोळतो आणि बरं वाटतं. स्पर्शाचा निरोप जाड, वेगवान तंतूंमधून जातो, आगीचा आणि ठणक्याचा बारीक, संथ तंतूंमधून. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपाशी एकत्र येतात आणि तिथे जाड तंतूंची वर्दळ वाढली तर बारीक तंतूंचा निरोप वर जायला अडथळा होतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 साली हा सिद्धान्त मांडला, गेट कंट्रोल नावाने. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. वॉल नुसता लिहून थांबला नाही. त्याने आणि विल्यम स्वीट या न्यूरोसर्जनने डोळ्याखालच्या स्वतःच्याच नसेत सुया घालून करंट सोडून पाहिला आणि 1967 साली रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. त्याच वर्षी नॉर्मन शीली या अमेरिकी सर्जनने ऑपरेशन करून मज्जारज्जूवर पहिला स्टिम्युलेटर, म्हणजे विजेचे झटके देणारं यंत्र, बसवला. गंमत अशी, की कातडीवरून करंट देणारं यंत्र सुरुवातीला या ऑपरेशनसाठी रुग्ण निवडायला वापरत, आणि काहींना त्यानेच बरं वाटल्यावर ऑपरेशनची गरज उरेना. त्याही मागे जायचं तर पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस संधिवाताच्या रुग्णाला जिवंत टॉर्पेडो माशावर, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या माशावर, पाय ठेवून उभं करायचा. त्याला फ्रिक्वेन्सी कुठली निवडता यायला!

फ्रिक्वेन्सीवरून आठवलं. नेहमीचा टेन्स 80 ते 100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढे झटके, त्यात सलग मुंग्या. दुसरा प्रकार 2 ते 4 हर्ट्झचा, त्यात करंट जास्त देतात आणि स्नायू टकटक उडतात. तो शरीरातल्या अफूसदृश रसायनांच्या मार्गाने काम करतो, आणि ट्रॅमाडॉलसारखी अफूच्याच जातीची वेदनाशामकं दीर्घकाळ घेणाऱ्यांना त्याचा गुण कमी येतो, म्हणून तो प्रश्न. माझ्यावर दोन्ही करून पाहिले. दुसऱ्यात माझं पोट एका बाजूने बेडकासारखं उडायला लागलं, नात पोट धरून हसली आणि आग काही कमी झाली नाही. आम्ही पहिल्यावर परत आलो.

आता माझा विषय. मशीनच्या पडद्यावर माझा आकडा तिशीत असायचा, मिलिअँपिअरमध्ये. घरातला अर्थ लीकेजचा ब्रेकर 30 मिलिअँपिअरला ट्रिप होतो, कारण तेवढा मेन्सचा करंट छातीतून गेला तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. मग मी जिवंत कसा? उत्तर सोपं आहे. हा 30 चा आकडा एका झटक्याच्या शिखराचा. झटका 100 मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला 100 झटके. म्हणजे एका सेकंदातले फक्त 10 मिलिसेकंद करंट वाहतो, एक टक्का वेळ. सरासरी काढली तर 0.3 मिलिअँपिअर. शिवाय मशीन बॅटरीवर, मेन्सशी संबंध नाही, आणि करंट एका पॅडमधून दुसऱ्या पॅडपर्यंत, तेवढ्याच वाटेने. माझं समाधान एवढ्याने झालं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या झटक्याचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, आहे. त्याच्याकडे जाऊन 500 ओहमचा रेझिस्टर लावून वेव्हफॉर्म पाहिला. एक उंच टोकदार झटका एका दिशेने, मागोमाग उलट दिशेने बुटका पण लांबट. दोन्ही मिळून निव्वळ डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, जवळपास शून्य, म्हणून पॅडखाली रासायनिक भाजणं होत नाही. हे पाहिल्यावर मी निर्धास्त झालो. सहकारी म्हणाला, "साहेब, रिटायर झालात तरी टेस्ट रिपोर्टशिवाय काही घ्यायचं नाही का?"

तरीही छातीच्या आरपार, म्हणजे एक पॅड पुढे आणि एक मागे, लावायचा नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही. डोळ्यांवर नाही. गरोदर बाईच्या पोटावर-कमरेवर नाही. लावून झोपायचं नाही, स्कूटर चालवायची नाही.

क्लिनिकमध्ये काही आठवडे करून गुण येतोय हे पक्कं झाल्यावरच तिने घरी मशीन घ्यायला सांगितलं. दुकानात गेलो तर ढिगाने मशीनं. बरीचशी अशी, की मोड एक, मोड दोन, मालिश, टॅपिंग एवढंच लिहिलेलं. आत किती हर्ट्झ, किती मायक्रोसेकंद, विक्रेत्यालाही माहीत नाही. त्याने मला तळपायांनी रक्ताभिसरण वाढवणारी एक महागडी पाटीही दाखवली. मी दोन चॅनलचं, फ्रिक्वेन्सी आणि पल्स विड्थ (एका झटक्याची लांबी) आकड्यांत दाखवणारं, करंट कॉन्स्टंट ठेवणारं घेतलं. दोन-अडीच हजारांच्या आसपास पडलं. खरा खर्च पॅडचा. ते संपत राहतात.

ठाण्याच्या हवेत तर फारच लवकर संपतात. पावसाळ्यात घामाने कडा सुटतात, आणि कड सुटली की सगळा करंट उरलेल्या छोट्या जागेतून जातो आणि चावतो. पॅड चावायला लागला की लोकांना वाटतं मशीन बिघडलं. मशीन बंद करा, कातडी पुसा, पॅडच्या जेलवर पाण्याचा एखादा थेंब बोटाने पसरवा आणि पुन्हा लावा. कातडीवर खोबरेल, पावडर, बाम काहीही नको. काढताना कडेने सोलायचा, वायर ओढून नाही. रोज त्याच जागी लावला की लाल चट्टा उठतो, म्हणून थोडा इकडे-तिकडे सरकवायचा. पाठीवरचा पॅड मला स्वतःला लावता येत नाही. ते खातं हिच्याकडे. पहिल्यांदा हात थरथरत होता, आता कुकरची शिट्टी व्हायच्या आत दोन्ही पॅड बरोबर जागेवर असतात आणि वर ऐकवते, "हलू नका हो, किती वेळा सांगायचं!"

मशीन लावायचं कधी, हे ठरवायला वेळ लागला. मी आधी दुखायला लागलं की लावायचो. फिजिओथेरपिस्टने उलट सांगितलं: ज्या कामात दुखतं त्या कामाच्या आधी आणि ते करताना लावा. बसून टीव्ही बघताना आराम मिळून काय उपयोग? म्हणून मी शर्टाच्या आत पॅड, वायर खिशात, असा बाहेर पडायला लागलो. संध्याकाळी तलावपाळीला फेरी, मग हळूहळू जांभळी नाक्याची भाजी, मग मुलीकडे कोपरखैरण्याला ट्रान्स-हार्बरने. लोकलमध्ये एकाने वायर बघून विचारलं, "काका, शुगरचं मशीन का?" मी समजावून सांगायला लागलो तर घणसोली येईपर्यंत आजूबाजूचे आपापले गुडघे दाखवायला लागले होते.

काही महिन्यांनी पूर्वीच्याच सेटिंगवर गुण कमी यायला लागला. हे होतंच म्हणे, रोज तेच दिलं की शरीर दाद देईनासं होतं. मग फ्रिक्वेन्सी आपोआप वर-खाली होणारा मोड लावला, करंट थोडा वाढवला आणि मधूनमधून मशीनला सुट्टी दिली. त्याने गाडी रुळावर आली, पण पहिल्या दिवसांइतका फरक परत मिळाला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आणि एक गोष्ट पेनच्या डॉक्टरांनी मला लपवून न ठेवता सांगितली. नसांच्या दुखण्यावर टेन्सचा उपयोग होतो का, याचा कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2017 साली आढावा घेतला होता. जगभरचे अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काय, तर पुरावा इतका कमकुवत आहे की ठाम हो किंवा नाही म्हणता येत नाही. अभ्यास छोटे होते, आणि करंट येतोय की नाही हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे खोटं मशीन लावून तुलना करणं अवघड. मी हे सगळ्यांना आधी सांगतो. माझं मत एवढंच: गोळ्यांनी माझा तोल जात होता, याने जात नाही. मनाची समजूत म्हणाल तर काही अंशी असेलही. पण मी शर्ट घालून बाहेर पडतो, हे समजुतीने झालं असलं तरी माझी हरकत नाही.

सध्या आग रोजची तीन-चारवर आहे, वाईट दिवशी सहा. प्रीगॅबॅलिन डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केलं. ते आपल्या मनाने एकदम बंद करायचं नसतं. नागिणीची नवी लस 2023 पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीनंतरच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. चांगलीच महाग आहे. हिला दोन्ही डोस देऊन झालेत, त्या वेळी मात्र तिने किंमत विचारली नाही.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका मशीन मागायला आले. मान आणि खांदा दुखतोय, चार दिवस द्या म्हणाले. मी फिजिओथेरपिस्टचा पहिला प्रश्न विचारला. दोन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला आहे, आणि हे त्यांना मशीनशी संबंधित वाटलंच नव्हतं. मशीन दिलं नाही. थोडे नाराज होऊन गेले, पण क्लिनिकचा पत्ता लिहून घेतला.